मदत हवी आहे: फॉर्मिक ॲसिडमधून हायड्रोजन काढताना पॅलेडियम अर्ध्यावर थंडावतो

नमस्कार मंडळी. उत्प्रेरक म्हणून ५० मिलिग्रॅम पॅलेडियम-कार्बन (५% पॅलेडियम बसवलेली कार्बनची भुकटी), १० मिली १ मोलर फॉर्मिक ॲसिड, त्यातच १ मोलर सोडियम फॉर्मेट, पाणी ५०° सेल्सिअसला. ॲसिडच्या हिशेबाने हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून खोलीच्या तापमानाला साधारण ४९० मिली वायू यायला हवा. निम्म्यावरच बुडबुडे मंदावतात. वायू मोजायच्या नळीत (ब्युरेटमध्ये) आम्ल घातलेलं मिठाचं संपृक्त पाणी आहे, म्हणजे वायू तिथे फारसा विरघळत नसावा. भुकटी गाळून, धुऊन लगेच वापरली तर वेग तसाच रडका. हवेत वाळवली की बराचसा परत येतो. म्हणून संशय ॲसिडमधूनच थोडा तयार होऊन पॅलेडियमला चिकटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवर, पॅलेडियमचे कण एकत्र येऊन वाढण्यावर कमी.

नाशिकमध्ये मेथनायझर (कार्बन मोनॉक्साइडचं मिथेन करून तो मोजता येईल असं करणारा भाग) जोडलेला गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) कुठे वापरायला मिळेल? कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दहा भाग) दिसायला हवा. आणि अमाइन (नायट्रोजन असलेले गट) लावलेल्या कार्बनवर पॅलेडियम बसवून कुणी पाहिलंय का? कण किती नॅनोमीटरचे आले?