मदत हवी आहे: देश फुटल्यावर नव्या देशात पहिला पगार कशात होतो?

नमस्कार मंडळी,

मी दादरला राहते. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे आणि दोन आठवडे एकाच प्रसंगावर अडले आहे. एक मोठा देश कोसळतो आणि त्याचा किनाऱ्यालगतचा एक जिल्हा स्वतंत्र झाल्याचं जाहीर करतो. देश काल्पनिक, नाव ओर्वीया. झेंडा, घोषणा, चौकातली गर्दी, सगळं लिहून झालं. आता महिनाअखेर आली आहे. नायिका बंदरात क्रेन चालवते. तिच्या हातात पगार म्हणून काय पडेल? नोटा छापणारी बँक तर जुन्या राजधानीत, म्हणजे आता परदेशात.

राष्ट्र कशाला म्हणायचं, याच्या १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारातल्या चार अटी वाचल्या: कायमची वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. त्याने नायिकेच्या घरी दूध येत नाही.

माझी आजी परभणीची. तिच्या कुंकवाच्या डबीत चारमिनार कोरलेला चांदीचा रुपया असायचा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, तरी हाली शिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, १९५९ पर्यंत चालत होता. ७ हाली म्हणजे ६ कलदार, म्हणजे भारताचे रुपये. आजी सांगायची, दुकानदार भाव सांगायच्या आधी विचारायचा, "हाली की कलदार?" मला कथेत हाच प्रश्न हवा आहे. पण तिथे निदान मागे भारत सरकार उभं होतं. ओर्वीयाच्या मागे कोणीच नाही. मग जुन्याच नोटा चालवतील का? बँकेत किंवा हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, ट्रान्सनिस्ट्रियाचं बघा. सोव्हिएत संघ मोडत असताना मोल्दोव्हापासून वेगळा झालेला पट्टा, राजधानी तिरास्पोल. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाची मान्यता नाही. सुरुवातीला तिथे जुने रूबलच चालले. पण आजूबाजूच्या देशांनी नवं चलन आणलं की तिथल्या रद्द नोटा जिथे अजून चालतात तिथेच लोटतात, आणि भाव भडकतात. म्हणून १९९३ मध्ये त्यांनी जुन्या नोटांवर छोटी तिकिटं चिकटवली. तिकीट असेल तीच नोट आपली. स्वतःच्या नोटा १९९४ मध्ये आल्या. तुमच्या नायिकेला तशा नोटा द्या.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार! प्रसंग डोळ्यांसमोर आला. बंदरातल्या दमट हवेत तिकिटाचा डिंक सुटतो आणि ती घरी येऊन, भाताच्या शिताने, एकेक नोट पुन्हा चिकटवत बसते. आता एवढंच सांगा, असं घरी चिकटवलेलं तिकीट दुकानदार घेईल, की तिच्यावर खोट्या नोटेचा आळ येईल?