रुग्णांवरील संशोधनाचे प्रशिक्षण नवोदित दंतवैद्यांना कसे द्यावे?

प्रश्न
पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपवलेले काही दंतवैद्य आमच्या विभागात संशोधन करू इच्छितात. फिलिंगच्या साहित्याची ताकद प्रयोगशाळेत तपासणे त्यांना उत्तम जमते, पण प्रत्यक्ष रुग्णांवरचा अभ्यास आखायचा म्हटले की त्यांचे घोडे अडते. संशोधनपद्धतीवरील व्याख्यानांचा फारसा उपयोग झालेला नाही. सुरुवात कोठून करावी आणि स्वतंत्र अभ्यास त्यांच्या हाती केव्हा सोपवावा?

उत्तर १
सुरुवात मोजमापापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. हिरड्यांच्या आजारात प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब (खुणा असलेली बारीक सळी) घालून पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या फटीची, खोली मोजतात. हाताचा दाब किंवा प्रोबचा कोन किंचित बदलला तरी आकडा बदलतो. म्हणून दोन नवोदितांनी एकमेकांच्या नोंदी न पाहता त्याच रुग्णांची तपासणी करावी, काही दिवसांनी ती पुन्हा करावी आणि नोंदी कितपत जुळतात हे कप्पा गुणांकाने (योगायोगाने जुळणारा भाग वगळून जुळणी मोजणाऱ्या आकड्याने) तपासावे. आपलाच हात आपल्याशी जुळत नाही हे एकदा दिसले की कॅलिब्रेशन (सर्वांचे मोजमाप एकसारखे करून घेण्याचा सराव) कशासाठी असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर त्यांना चालू असलेल्या एखाद्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (रुग्णांवरील उपचाराच्या चाचणीत) काम द्यावे. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे आणि फेरतपासणीला न आलेल्यांचा पाठपुरावा करणे ही कामे वर्गात शिकता येत नाहीत.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, मात्र संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. नवोदितांच्या आराखड्यात ३० रुग्णांचे प्रत्येकी १० दात घेऊन नमुनासंख्या ३०० लिहिलेली वारंवार आढळते. एकाच तोंडातले दात एकच लाळ, एकच आहार आणि घासण्याची एकच सवय वाटून घेतात, त्यामुळे त्यांना परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाही. त्यांच्यातील सहसंबंध ०.२ धरला, तर १ + (१० − १) × ०.२ म्हणजे २.८ ने भागावे लागते आणि ३०० दातांची माहिती जेमतेम १०७ स्वतंत्र दातांइतकी भरते. हे गणित प्रत्येकाने स्वतःच्या आराखड्यावर हाताने करून पाहावे.

उत्तर ३
अभ्यासातून रुग्णाला काय मिळणार, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॉकेट सरासरी अर्ध्या मिलिमीटरने उथळ झाले, तरी रुग्णाला फरक जाणवेलच असे नाही. त्याला नीट चावता येणे, वेदना थांबणे आणि दात टिकणे हवे असते. म्हणून १९९७ मध्ये मांडल्या गेलेल्या ओएचआयपी-१४ सारख्या, तोंडाच्या आरोग्याचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम विचारणाऱ्या १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा वापर शिकवावा आणि मुख्य निष्कर्षमाप (उपचाराचा परिणाम ज्यावरून ठरवायचा ते मोजमाप) ठरवण्यापूर्वी रुग्णांशी बोलणे सक्तीचे करावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून पहिला रुग्ण दाखल करण्याआधी ट्रायलची नोंदणी आवश्यक केली आहे. ती नोंदणी उमेदवाराने स्वतः भरावी. मुख्य निष्कर्षमाप, ते मोजण्याची वेळ आणि नमुनासंख्येचे कारण तो कोणाच्याही मदतीशिवाय लिहू शकला, तर त्याच्या हाती स्वतंत्र अभ्यास द्यायला हरकत नाही. मात्र आठवड्यातील ठरावीक दिवस ओपीडीतून मोकळे मिळाले नाहीत, तर यातले काहीही साधणार नाही, हे विभागप्रमुखांना आधीच स्पष्ट सांगावे.