मोठा ओटीजी (विजेवरचा ओव्हन) की छोटा? युनिटचा हिशेब कसा बसतो?

विश्रामबाग_सांगली:
घरात तिघंच. ६० लिटरचा, २००० वॉटचा ओटीजी आहे. दोन पाव गरम करायला तो लावणं जिवावर येतं. १० लिटरचा, ८०० वॉटचा घेतला तर बिल खरंच कमी येईल? दुकानदार म्हणतो, "वॉट कमी, बिल कमी." दिवाळीत नानकटाईही करायची असते.

कृष्णाकाठ:
दुकानदाराचं अर्धंच खरं. बिल येतं ते वॉट आणि कॉइल पेटलेला वेळ, या दोन्हींचं.

१८० डिग्रीला तापायला मोठ्याला १२ मिनिटं धरा, म्हणजे ०.४ युनिट. पुढे थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करतो. २० मिनिटांत ती ८ मिनिटं पेटली तर आणखी ०.२७. एकूण ०.६७. छोट्याला तापायला ८ मिनिटं, ०.११. पुढच्या २० मिनिटांपैकी १३ मिनिटं कॉइल, ०.१७. एकूण ०.२८. रोज वापर असेल तर महिन्याला १२ युनिट वाचतील. आठवड्यातून एकदा-दोनदाच लावत असाल तर नवा घेण्यात अर्थ नाही.

नानकटाईला मात्र उलटं. मोठ्यात दोन ट्रेमध्ये ६० बसल्या की ०.६७ मध्ये काम उरकलं. छोट्यात १२-१२ चे पाच घाणे, म्हणजे ०.९६, दार उघडल्यावर जाते ती उष्णता वेगळीच. दोन ट्रे लावताना निम्म्यात वरचा खाली करा, नाहीतर खालच्या नानकटाया बुडाला करपतात.

आणि पाव तव्यावर गरम करा हो, त्याला ओटीजी कशाला?

विश्रामबाग_सांगली:
मायक्रोवेव्हचं काय? त्यावर ८०० वॉट लिहिलंय.

वायरमन_तासगाव:
ते ८०० आउटपुट. मीटरमधून तो १२०० च्या आसपास ओढतो. तरी वाटीभर भाजी दोन मिनिटांत, ०.०४ युनिटमध्ये गरम होते. चार लिटर पाणी तापवायला लावू नका.

छापील वॉटवर जाऊ नका, मीटर बघा. फ्रीजसकट घरातलं बाकी सगळं बंद करा. लाल दिव्याच्या किती लुकलुकींना एक युनिट, ते मीटरवर छापलेलं असतं. ३२०० असेल तर २००० वॉटची कॉइल पेटलेली असताना मिनिटाला १०७ च्या आसपास दिसतील. थर्मोस्टॅटनं कॉइल बंद केली की लुकलुक जवळपास थांबते, म्हणजे कॉइल किती वेळ पेटते तेही कळतं.

संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं की हीच कॉइल १५०० वॉटच देते. तापायला उशीर लागतो, तोवर ओटीजीच्या अंगातून उष्णता जातच राहते आणि तेवढ्याच नानकटायांना युनिट जास्त लागतात. दुपारी लावा.

२००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. ६ च्या मल्टीप्लगवर लावलात तर पिना तापतात, प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं.