सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा निधी वाचवायला तुम्ही काय केलंत? (अमेरिकेतल्यांचे अनुभव)

जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (तिथल्या संसदेने) पब्लिक ब्रॉडकास्टिंगसाठी आधीच मंजूर केलेले पुढच्या दोन वर्षांचे सुमारे 110 कोटी डॉलर परत घेतले. हाउसमध्ये (कनिष्ठ सभागृहात) 216 विरुद्ध 213, सेनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) 51 विरुद्ध 48. इतकं काठावरचं मतदान! त्याआधी आपल्यापैकी कुणी फोन केले, कुणी पत्रं लिहिली, कुणी काहीच केलं नाही. सगळंच लिहा. पक्षांवरची भांडणं मात्र इथे नकोत, त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहतायत.

ग्रीन कार्डच्या रांगेतली
मला वाटायचं, आपल्याला मताचा अधिकार नाही, आपला फोन कोण ऐकणार? शेजारीणबाईंनी आमच्या खासदाराच्या ऑफिसचा नंबर लावूनच दिला. पलीकडे एक पोरगेलासा इंटर्न. नाव, झिप कोड, विषय, बाजूने की विरोधात, बस्स. नागरिक आहात का, हे विचारलंच नाही. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं तशी त्याच्या कीबोर्डची टकटक थांबली. मग सांगितलं, लेकीला डेकेअर परवडत नव्हतं, अक्षरओळख तिला पीबीएसवरच (सार्वजनिक टीव्हीवरच) झाली. टकटक पुन्हा सुरू! तेव्हापासून सगळ्यांना सांगते, घोषणा देऊ नका, घरातली एक गोष्ट सांगा.

डोंगरातला
वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळानंतर वीज, नळ, मोबाइल सगळं एकदम गेलं. ॲशव्हिलचं ब्लू रिज पब्लिक रेडिओ तेवढं लागत होतं. गाडीत बसून ऐकायचं: पाणी कुठे वाटतायत, कोणता रस्ता खचलाय. पेट्रोल जपायचं म्हणून इंजिन बंद, दारं उघडी, आणि आजूबाजूचे चारजण गाडीला टेकून उभे. निधीचा विषय निघाला तेव्हा सेनेटरच्या ऑफिसला हेच लिहून पाठवलं. उत्तर आलं ते छापील, माझ्या पत्राशी काडीचाही संबंध नसलेलं.

फोन न केलेला
मी नाही केला. बातम्या देणाऱ्याने सरकारकडून पैसे घेऊ नयेत, असं मला अजूनही वाटतं. शिवाय एनपीआर (सार्वजनिक रेडिओचं राष्ट्रीय नेटवर्क) स्वतःच सांगायचं की त्यांना थेट केंद्राकडून मिळणारा पैसा एक टक्क्याच्या आसपास. मग एवढी ओरड कशाला?

फंडरेझिंगला फोन उचलणारी
वरच्यांना: मुद्दा रास्त आहे, पण हिशोब अर्धा मांडलात. सीपीबीचा (केंद्राचा हा निधी वाटणाऱ्या संस्थेचा) सत्तर टक्क्यांहून जास्त पैसा स्थानिक स्टेशनांना जायचा. मोठ्या शहरातलं स्टेशन देणगीदारांवर तग धरतं. अलास्कातल्या खेड्यात किंवा आदिवासींच्या राखीव प्रदेशात (रिझर्व्हेशनवर) मूठभर श्रोत्यांकडून ट्रान्समीटरचा खर्च निघायचा कसा? आमच्या प्लेज ड्राइव्हला (देणगी मोहिमेला) एक आजोबा दरवर्षी फोन करतात. कार्ड नंबर सांगायला दोन मिनिटं, मग पंधरा मिनिटं ऑपेरा कार्यक्रमाची वेळ बदलल्याची तक्रार. मी ऐकून घेते. आणि सरकारी पैशाचं म्हणाल तर तो वर्षाला माणशी दीड डॉलरच्या आसपास होता.

इतिहासवेडा
हे संकट नवं नाही. सार्वजनिक प्रसारणाचा 1967 चा कायदा होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच निक्सन सरकार त्यासाठीचा 2 कोटी डॉलरचा निधी निम्म्यावर आणायला निघालं होतं. 1969 मध्ये मुलांच्या कार्यक्रमाचे फ्रेड रॉजर्स सेनेटच्या समितीपुढे बसले, लिहून आणलेलं निवेदन बाजूला ठेवलं आणि राग आला की मुलांनी काय करावं, यावरच्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. फटकळ म्हणून ख्याती असलेले समितीचे अध्यक्ष, सेनेटर पास्टोरे विरघळले. वरच्या ताईंचा इंटर्न त्याच जातकुळीचा म्हणायचा!

इंडियानाकर
आमच्या राज्याने तर 2025 च्या बजेटमध्ये स्वतःचा वाटाही काढून टाकला. मला बातमी कळली तेव्हा मतदान होऊन गेलं होतं. सगळ्यांचं लक्ष वॉशिंग्टनकडे असतं, पण स्टेट हाउसमध्येही असे निर्णय होतात आणि तिथल्या आमदाराला भेटणं कितीतरी सोपं. आपापल्या राज्याचं बजेट कोणत्या महिन्यात मांडतात ते बघून इथेच लिहा, म्हणजे त्या-त्या राज्यातल्यांना आधी हाक मारता येईल. इंडियानाचं मी बघतो.