टोकियोला पुन्हा जाणं होतंय, जुन्या क्लायंटकडच्या ओळखी कशा जागवाव्यात?

निशिकासाई_पुणे: नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरच्यांसोबत टोकियोला चाललोय. पूर्वी तिथे ऑनसाइट होतो. क्लायंटकडच्या तीन-चार जणांना भेटायची फार इच्छा आहे, पण २०१९ नंतर कुणाशीच संपर्क नाही. हाताशी आहेत ती त्यांची जुनी कार्डं. मधल्या काळात माझीही कंपनी बदलली. मेल कधी आणि काय लिहून टाकू? सोबत काय न्यावं?

शिनागावाकर: कार्डावरचा विभाग अजून तोच असेल असं धरून चालू नका. जपानी कंपन्यांत १ एप्रिलला मोठ्या बदल्या होतात, बऱ्याच ठिकाणी १ ऑक्टोबरलाही. नुसती बदली झाली तर मेल आयडी बहुधा तोच राहतो, पण माणूस 'शुक्को'वर म्हणजे उपकंपनीत गेला की आयडी बदलू शकतो आणि मेल परत येतो. तसं झालं तर कार्डावरच्या 'दाइह्यो' नंबरवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य नंबरवर फोन करा. आपल्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे तिकडे अकरा, ही वेळ चांगली. तिथले बारा ते एक टाळा, जेवणाची सुट्टी असते. त्यांचा नवा नंबर सहसा मिळणार नाही. आपलं नाव, तेव्हाची कंपनी, प्रोजेक्ट आणि मेल आयडी सांगून निरोप ठेवा.

मेल तीन आठवडे आधी जाऊ दे. विषयातच तेव्हाची कंपनी, तुमचं नाव आणि 'टोकियो भेट' हे सगळं हवं, नाहीतर परदेशी खाजगी आयडीवरून आलेला मेल कुणी उघडतही नाही. वर कंपनी, विभाग, आडनाव आणि त्यापुढे 'सामा' (आपल्या 'श्री.'सारखं आदरार्थी). सुरुवात 'गोबुसाता शिते ओरिमासु'ने करा, म्हणजे 'बरेच दिवस संपर्क ठेवला नाही, माफ करा'. 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' ('आपलं सहकार्य लाभतंय') हे चालू व्यवहारातलं वाक्य आहे, इतक्या वर्षांच्या खंडानंतर ते खटकतं. मग कोणत्या कामात सोबत होतो ते एका ओळीत, आणि सध्या कुठे आहात ते.

वेळेच्या बाबतीत 'कधीही चालेल' असं लिहू नका, सगळा हिशेब त्यांच्या गळ्यात पडतो. तीन ठरावीक वेळा द्या: एखादं दुपारचं जेवण त्यांच्या ऑफिसजवळ, दोन संध्याकाळी साडेसहानंतर. २३ नोव्हेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, ती रविवारी आली तर सोमवारी मिळते. 'चोत्तो मुझुकाशिइ' ('जरा अवघड आहे') असं उत्तर आलं तर तो नकार समजा, पुन्हा तारखा सुचवू नका.

आणि प्रत्येकाला वेगळा मेल. सगळ्यांना एकत्र टाकला की धाकटा थोरल्याच्या उत्तराची वाट बघत बसतो, आणि थोरल्याने कंपनी सोडलेली असली की सगळंच अडतं.

मीरा_ओसाका: पर्यटक ई-व्हिसावर जुन्या सहकाऱ्यांना जेवायला भेटण्यात काही अडचण नाही. नव्या कंपनीच्या वतीने ऑफिसात बसून बोलणी करायची असतील तर मात्र अल्पकालीन बिझनेस व्हिसा लागतो, त्यासाठी जपानी कंपनीचं निमंत्रणपत्र हवं. आधीच्या कंपनीच्या करारात 'क्लायंटशी व्यवहार करणार नाही' असं कलम आहे का तेही पाहा. असेल तर कामाचा विषय काढूच नका, आणि मेल खाजगी आयडीवरूनच पाठवा.

खाऊ न्यायचा तर एकेक नग वेगळा गुंडाळलेला हवा, कारण तो विभागात वाटला जातो. लोणावळ्याची सुटी गुंडाळलेली चिक्की उत्तम. पेढे-बर्फीने हात तुपकट होतात आणि ते टिकतही नाहीत. हापूस नेऊ नका: ताज्या फळांना तपासणी प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय विमानतळावरच काढून घेतात. चारचा संच टाळा, तिथे तो आकडा अशुभ मानतात. हॉटेलात भेटणार असाल तर निघताना पिशवीसकट द्या, म्हणजे जेवताना त्यांना सांभाळत बसावं लागत नाही.

निशिकासाई_पुणे: खूप आभार! दोघांना एकत्र भेटायचं झालं तर टोकियो स्टेशन सोयीचं पडेल ना?

शिनागावाकर: पडेल, पण नुसतं 'टोकियो स्टेशन' लिहू नका. मारुनोउची आणि याएसु या दोन बाजूंमध्ये बरंच अंतर आहे. 'मारुनोउची उत्तर दार, गेटच्या बाहेर' असं लिहा. 'गिन नो सुझु' ही प्रसिद्ध घंटा तिकीट-गेटच्या आत आहे, चालत येणाऱ्याला तिथे पोचायला तिकीट काढावं लागेल.

इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचं जपानी हॉटेल, आधी बुक करा. गर्दीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी दोन तासांतच टेबल सोडावं लागतं, आणि 'ओतोशी'चे, म्हणजे न मागता आधी येणाऱ्या छोट्या पदार्थाचे, माणशी पैसे बिलात धरले जातात. रोख येन जवळ ठेवा. जुनं सुइका कार्ड (ट्रेन-बसचं प्रीपेड कार्ड) सापडलं तर सोबत घ्या: शेवटच्या वापराला दहा वर्षं झाली नसतील तर ते आजही चालतं, आतली शिल्लकही तशीच असते.