मदत हवी आहे : सिंफनीतल्या वादकांना काय विचारावं?

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातल्या वादकांशी गप्पा मारायच्या आहेत. मुंबईतल्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला हा वाद्यवृंद. झाकीरभाईंचा (झाकीर हुसेन) 'पेशकार' हा तबल्याचा कन्चर्टो, म्हणजे एक प्रमुख वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, २०१५मध्ये पहिल्यांदा यांच्याच साथीनं झाला, आणि माझं सगळं कुतूहल तिथेच अडकलंय. व्हायोलिनवाल्यांसमोर लिहिलेलं संगीत, नजर कंडक्टरच्या हातावर. अशात तबलजीनं उपज केली, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवलं, तर सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार हे त्यांना कसं कळतं? सगळे ओबो या फुंकवाद्याच्या स्वरावर वाद्यं जुळवतात, मग तबला कोणत्या पट्टीत लावतात? एसीत त्याचा सूर हलला तर?

कुणी अशा वाद्यवृंदात वाजवलंय का, किंवा तालमी जवळून पाहिल्यात? मुलाखती कायम सोलो वाजवणाऱ्यांच्याच होतात, हे मला फार खटकतं. मला व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य), सेकंड व्हायोलिन अशी साथीची बाजू सांभाळणाऱ्यांशी बोलायचंय. त्यांना काय विचारलं तर ते खुलतात? तालमीच्या दिवशी गाठावं की कार्यक्रमानंतर?

शिवाय बरेच वादक कझाकस्तानहून येतात. त्यांच्याशी बोलायला रशियन भाषा येणारं आणि संगीतात रस असलेलं कुणी मुंबईत ओळखीचं असेल तर कृपया सांगा.