इंजिन बंद पडल्यावर ट्रेनिंग खरंच आठवतं का?

नाशिकची_आई: माझी लेक सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतेय, सेसना 172 या एका इंजिनाच्या छोट्या विमानावर. परवा फोनवर सहज म्हणाली की इन्स्ट्रक्टर मधेच न सांगता थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा कंट्रोल) मागे ओढतात आणि विचारतात, इंजिन गेलं, आता काय करशील? माझ्या पोटात गोळाच आला. शेजारी सर असताना ठीक आहे हो, पण एकटी असताना खरंच तसं झालं तर शिकवलेलं आठवतं का, की माणूस घाबरून सगळं विसरतो?

सह्याद्री_फ्लायर: ताई, घाबरायला होतंच, ते कुणालाच चुकत नाही. पहिले दोन-तीन सेकंद तर डोकं मानायलाच तयार नसतं की इंजिन गेलंय, आणि ट्रेनिंग असतं ते या सेकंदांसाठीच. विमान खाली जायला लागलं की हात आपसूक कंट्रोल मागे ओढायला जातो, नाक वर राहावं म्हणून, आणि तेच जिवावर बेततं कारण स्पीड पडतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेनाशी होते. म्हणून घोटून घोटून उलटी सवय लावतात. आधी नाक खाली, 172 ला मॉडेलप्रमाणे 65 ते 68 नॉट स्पीड धरायचा, तो आपोआप टिकावा म्हणून ट्रिम लावायचा, मग उतरायला मोकळं शेत वगैरे बघायचं, मग इंजिन पुन्हा चालू होतंय का बघायला फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडणारा), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) आणि मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारे) तपासायचे. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, त्यानंतर. जमिनीपासून 3000 फुटांवर असेल तर हातात साधारण चार मिनिटं असतात आणि वारा नसेल तर सात-आठ किलोमीटर तरंगत जाता येतं. हे माहीत असलं की घाबरलेलं डोकंही कामाला लागतं.

विंडसॉक: वरचं सगळं बरोबर, पण सरावात एक मोठी उणीव राहते. तिथे उंची भरपूर असते, इंजिन आयडलवर चालूच असतं आणि विद्यार्थ्याला मनातून अंदाज असतो की आज सर थ्रॉटल ओढणार. खरा घात टेकऑफनंतर लगेच होतो. 300-400 फुटांवर इंजिन गेलं की मागे वळून रनवे गाठायचा मोह होतो, आणि त्या वळणात स्टॉल होऊन कितीतरी जण गेलेत. यावर उपाय म्हणजे प्रत्येक टेकऑफच्या आधी ब्रीफिंग मोठ्याने म्हणायचं, की अमुक उंचीच्या खाली इंजिन गेलं तर मी वळणार नाही, समोरच थोडं डावी-उजवीकडे बघून उतरणार. निर्णय जमिनीवरच झालेला असला की वर विचार करत बसावं लागत नाही. हे मनातल्या मनात पुटपुटून अजिबात भागत नाही.

कोल्हापूर_ते_बोस्टन: नाशिकच्या ताई, 2018 मध्ये इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये बेव्हर्ली विमानतळावर 17 वर्षांची विद्यार्थिनी एकटी उडाली आणि टेकऑफलाच तिच्या छोट्या पायपर विमानाचं उजवं चाक निखळून पडलं. ती वर घिरट्या घालत राहिली, खालून तिचे इन्स्ट्रक्टर रेडिओवर बोलत राहिले, आणि तिने विमान उतरवलं, शेवटी ते रनवे सोडून गवतात गेलं पण तिला काही झालं नाही. नेमकं चाक निखळण्याचा सराव कोण करून घेतो? पण विमान उडवत राहायचं, बाकी सगळं नंतर, एवढं तिच्यात पक्कं मुरलेलं होतं.

नाशिकची_आई: खूप आभार सगळ्यांचे. टेकऑफच्या ब्रीफिंगचं आजच विचारते तिला, मोठ्याने म्हणते का ते.

विंडसॉक: नक्की विचारा, आणि कुठल्या उंचीखाली वळायचं नाही हेही विचारा. आकडा लगेच सांगितला पाहिजे तिने.